कर्करोग चाळणी-तपासणीतील सहभाग

कोणताही त्रास नसलेल्या माणसांची ठरावीक वयात, ठरावीक अंतराने तपासणी करून कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था शोधणे म्हणजे चाळणी-तपासणी. बोलताना ‘स्क्रीनिंग’ हाच शब्द रूढ आहे. छातीत गाठ लागली म्हणून केलेली मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) ही निदानाची तपासणी. काहीच जाणवत नसताना केलेली तीच मॅमोग्राफी ही चाळणी. अशा तपासण्या किती लोक करून घेतात आणि त्यांचे नेहमीचे डॉक्टर त्या किती वेळा सुचवतात, याला सहभाग म्हणतात. तो ठरवणाऱ्या कारणांचा विचार या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील अनुभवाच्या आधारे केला आहे.

भारत सरकारने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयोगटासाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीची चौकट जाहीर केली. तपासणी दर ५ वर्षांनी व्हावी, असे त्यात ठरले. प्रत्यक्षात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या, स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. तोंडाची तपासणी झालेले पुरुष १.२ टक्के होते. जागतिक अंदाजांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि त्याने सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या.

या तफावतीचे कारण सहसा ‘जनजागृतीचा अभाव’ एवढ्यात उरकले जाते. महाराष्ट्रातच झालेले दोन मोठे प्रयोग पाहिले की ते उत्तर तोकडे वाटू लागते.

बार्शी, उस्मानाबाद आणि मुंबई

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. याच रुग्णालयाने मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासोबत शेजारच्या उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा प्रयोग केला. ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या देऊ केल्या: हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची, पेशींची (पॅप) आणि ‘व्हाया’. व्हायामध्ये गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावतात आणि पांढरा डाग उमटतो का, हे नुसत्या डोळ्यांनी पाहतात. तुलनेसाठी ठेवलेल्या चौथ्या गटाला नेहमीची सेवा मिळत राहिली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, तुलनेच्या गटात ६४. पॅप आणि व्हाया यांच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

वैद्यकीय जगात हा प्रयोग ओळखला जातो तो एचपीव्हीच्या या निकालामुळे. सहभागाच्या दृष्टीने त्यातला दुसरा एक आकडा अधिक बोलका आहे. बोलावलेल्या स्त्रियांपैकी जवळपास ७९ टक्के तपासणीला आल्या. दुष्काळी पट्टा, शिक्षण जेमतेम, बहुतेकींनी अशा तपासणीचे नावही ऐकलेले नाही. तरी पाचातल्या चार आल्या. आरोग्य कर्मचारी घरी जाऊन त्यांच्याशी बोलले होते, नाव घेऊन बोलावणे दिले होते आणि तपासणीची सोय गावात किंवा गावाजवळ केली होती.

न आलेल्या कोण होत्या, याचाही अभ्यास याच चमूने २००७ मध्ये मांडला. आलेल्या स्त्रियांमध्ये तिशीतल्या, शिकलेल्या, विवाहित आणि कुटुंबनियोजनाची साधने वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. दवाखान्याची पायरी आधी चढलेली बाई पुन्हा चढते, असा याचा अर्थ लावता येतो. वयाने मोठ्या, अशिक्षित आणि एकट्या स्त्रिया मागे राहिल्या, आणि वाढत्या वयाबरोबर या रोगाचा धोका वाढतच असतो.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून असाच प्रयोग केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया दोन गटांत विभागल्या होत्या: एक तपासणीचा, दुसरा तुलनेचा. व्हाया तपासणी डॉक्टर करत नव्हते. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून तयार केले होते आणि दर दोन वर्षांनी त्या तपासणी करत. ८९ टक्के स्त्रियांनी भाग घेतला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत एकदाच केलेल्या व्हायाचा परिणाम दिसला नाही आणि मुंबईत पुन्हा पुन्हा केलेल्या व्हायाचा दिसला. याबद्दल तज्ज्ञांत अजून एकमत नाही. तुलनेच्या गटातील हजारो स्त्रियांना इतकी वर्षे तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर दोन्ही प्रयोगांवर कठोर टीका झाली, आणि ती उडवून लावण्याजोगी नाही.

तपासून घेणाऱ्याची बाजू

मोफत तपासणीला लोक का येत नाहीत, हा प्रश्न कर्करोगाच्या आधी क्षयरोगाने विचारला. १९५० च्या दशकात अमेरिकेत छातीचा एक्स-रे काढणाऱ्या फिरत्या गाड्या दाराशी येत, तरी अनेक जण फिरकत नसत. गॉडफ्रे हॉखबाउम या मानसशास्त्रज्ञाने तीन शहरांत याचा शोध घेतला. ‘मला हा रोग होऊ शकतो’ आणि ‘लवकर कळले तर फायदा आहे’ या दोन्ही गोष्टी मानणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांनी एक्स-रे काढला होता. दोन्ही न मानणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांनी. यातूनच ‘आरोग्य-श्रद्धा प्रतिमान’ उभे राहिले आणि आजही बहुतेक अभ्यास त्याचीच चौकट वापरतात.

मराठी घरांत या चौकटीचे रूप ओळखीचे आहे. दुखणे अंगावर काढण्याची सवय असलेल्या बाईला दुखत नसताना दवाखान्यात जाणे ही चैन वाटते. ‘काही होत नाही, मग कशाला दाखवायचं?’ हा पहिला अडथळा आणि ‘नको ते निघालं तर?’ हा दुसरा. दोन्ही एकाच तोंडून येतात, म्हणजे धोका अजिबात ठाऊक नसतो असे नाही. ‘खालून तपासणी’ म्हटले की संकोच येतो. तपासणारा पुरुष असेल तर विषय तिथेच संपतो. शेतमजुरी करणारीला तपासणी फुकट असली तरी दिवसाचा रोज बुडतो. शिवाय सोबत कोण येणार, घरी काय सांगायचे, हे आलेच. अंगावरून पांढरे जाणे हे बाईच्या जातीला असायचेच, अशी समजूत असल्याने खरे लक्षणही लक्षण म्हणून मोजले जात नाही. तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना लावणाऱ्या स्त्रियांना ते व्यसन वाटत नाही, म्हणून तोंडाची तपासणी ही गुटखा खाणाऱ्या पुरुषांसाठी असते असा त्यांचा समज असतो.

अविश्वासाची मुळेही दुर्लक्षून चालणार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या माहितीनुसार ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, मुकादमाची उचल, सततचा संसर्ग अशी त्यामागची कारणे होती. आणि ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ ही भीती दाखवल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले. कर्करोगाचे नाव शस्त्रक्रियेच्या बिलाशी जोडले गेलेल्या गावात तेच नाव घेऊन तपासणीला बोलावणाऱ्या आशाताईंचे काम किती अवघड असेल, हे वेगळे सांगायला नको.

डॉक्टरांची बाजू

जवळजवळ सगळ्या देशांतील अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते: नेहमीच्या डॉक्टरांनी ‘ही तपासणी करून घ्या’ असे स्पष्ट सांगणे, हे तपासणी होण्यामागचे सर्वांत बळकट कारणांपैकी एक आहे. मग डॉक्टर ते का सांगत नाहीत?

पहिले कारण वेळ. अमेरिकेतील २००३ च्या एका गणनेनुसार अडीच हजार रुग्ण सांभाळणाऱ्या डॉक्टरने शिफारस केलेली प्रत्येक प्रतिबंधक सेवा द्यायची ठरवली तर त्यासाठीच रोज ७.४ तास लागतील. आजार तपासायचे ते वेगळेच. थकव्याचाही हिशेब मांडला गेला आहे. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतील ३३ दवाखान्यांच्या नोंदींत, सकाळी ८ वाजता आलेल्या पात्र स्त्रियांपैकी ६३.७ टक्के जणींना डॉक्टरांनी स्तनांची तपासणी लिहून दिली होती. संध्याकाळी ५ वाजता आलेल्यांत हे प्रमाण ४७.८ टक्के होते. डॉक्टर तेच, नियम तेच; फक्त दिवस कलला होता.

दुसरे कारण ज्ञानाचे आहे आणि ते डॉक्टरांना फारसे आवडत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील ४१२ प्राथमिक डॉक्टरांना विचारले असता ४७ टक्के जणांनी, तपासणीत जास्त कर्करोग सापडतात म्हणजे तिने जीव वाचतात हे सिद्ध होते, असे चुकीचे उत्तर दिले. त्यात शिफारशी बदलत राहतात. अमेरिकेच्या सल्लागार मंडळाने सर्वसाधारण स्त्रीसाठी स्तनांची नियमित तपासणी २००९ मध्ये पन्नाशीपासून सुचवली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा चाळिशीपासून केली. नियम असे हलत असतील तर काही डॉक्टर सगळ्यांनाच तपासायला पाठवतात आणि काही विषयच काढत नाहीत.

महाराष्ट्रातील चित्र निराळे आहे. इथे बहुतेकांचा पहिला डॉक्टर म्हणजे गल्लीतला किंवा बाजारपेठेतला फॅमिली डॉक्टर, आणि तो अनेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. ताप-खोकल्याच्या रांगेत त्याला एका रुग्णाला काही मिनिटे मिळतात. स्वतंत्र खोली, तपासणीचे टेबल, स्पेक्युलम (गर्भाशयमुख पाहण्याचे उपकरण), सोबत नर्स यांपैकी बरेच काही नसते. सरकारी कार्यक्रमाचा सारा भर आशा, नर्स आणि २०१८ नंतर आलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांवर आहे. आशाताई घरोघरी ‘सीबॅक’ हा सवयी आणि लक्षणे विचारणारा फॉर्म भरतात, त्यावरून जोखीम ठरते आणि पुढच्या तपासणीसाठी उपकेंद्राकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवले जाते. लोक ज्याच्याकडे पैसे देऊन जातात आणि ज्याचे ऐकतात, तो खासगी डॉक्टर या साखळीत जवळपास नाहीच. कार्यक्रमातील सर्वांत मोठी उणीव बहुधा हीच आहे.

तोंडाची तपासणी या बाबतीत विशेष खटकते. तिला बॅटरी, हातमोजा आणि दोन मिनिटे लागतात. तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून झालेल्या प्रयोगात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये अशा तपासणीने तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंड पुरते न उघडणारे तरुण रुग्ण दवाखान्यांत दिसतातच. घसा दुखतो म्हणून आलेल्याचा घसा पाहिला जातो. गालाची आतली बाजू आणि जिभेखालची जागा पाहायची राहून जाते.

व्यवस्थेने पडणारा फरक

डॉक्टर आणि लोक तेच ठेवून व्यवस्था बदलली तर काय होते, हे इंग्लंडमध्ये दिसले. १९८८ मध्ये तिथे प्रत्येक पात्र स्त्रीला संगणकीय यादीवरून पत्र पाठवून गर्भाशयमुखाच्या तपासणीला बोलावणे सुरू झाले. १९९० पासून फॅमिली डॉक्टरांना यादीतील ५० किंवा ८० टक्के स्त्रियांची तपासणी झाल्यास ठरावीक मोबदला मिळू लागला. १९८८ मध्ये ४२ टक्के असलेली व्याप्ती १९९४ मध्ये ८५ टक्क्यांवर गेली. पुढे ती पुन्हा घसरली, आणि तिथल्या दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्ये सहभाग कमी राहिला, हेही खरे.

तपासणीचा प्रकारही महत्त्वाचा ठरतो. सॅन फ्रान्सिस्कोत आतड्याच्या कर्करोगासाठी फक्त कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची आतून तपासणी) सुचवलेल्यांपैकी ३८ टक्के जणांनी तपासणी पूर्ण केली. घरी नमुना घेऊन शौचातील रक्त तपासायचे सुचवलेल्यांपैकी ६७ टक्के, आणि दोन्हींतून निवडू दिलेल्यांपैकी ६९ टक्के. एचपीव्हीच्या बाबतीत स्त्रीने स्वतःच नमुना घेण्याची सोय याच तत्त्वावर आहे. ऑस्ट्रेलियाने २०२२ पासून ती सर्व पात्र स्त्रियांना खुली केली. ‘खालून तपासणी’चा संकोच यात बराच टळतो.

सहभाग वाढणे नेहमीच हिताचे असते, असे मात्र नाही. दक्षिण कोरियात इतर तपासण्यांसोबत थोड्या पैशांत गळ्याची सोनोग्राफी करून देण्याची प्रथा पडली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या १५ पट झाले. त्याने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी विनाकारण गेल्या. मुंबई-पुण्यात ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये लक्षणे नसलेल्यांच्या रक्तात सीए-१२५ सारखे कर्करोगाशी जोडले जाणारे घटक मोजले जातात, ते याच वाटेवरचे पाऊल आहे. म्हणजे एकाच राज्यात एका वर्गाला हवी ती तपासणी मिळत नाही आणि दुसऱ्याला नको ती विकली जाते.

तपासणीनंतर

चाळणीत अडकलेल्या व्यक्तीची पुढची तपासणी आणि उपचार झाले नाहीत तर पहिली तपासणी वाया जाते. मुंबईच्या प्रयोगात पाठपुरावा करणारी माणसे असूनही दोष आढळलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के स्त्रियाच खात्रीच्या तपासणीपर्यंत पोचल्या. व्हायाचा निष्कर्ष मिनिटाभरात कळतो आणि बाई समोर असतानाच पुढचे बोलता येते. एचपीव्हीची तपासणी अधिक भरवशाची, पण तिचा अहवाल सहसा काही दिवसांनी येतो. ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी हातात दिली तरी गर्भाशयमुखाची दुर्बिणीने तपासणी बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच होते. बीड, धाराशिवच्या तांड्यांवरील आणि गावांतील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि हंगाम संपल्यावर, साधारण पाडव्याच्या आसपास परततात. हिवाळ्यात भरवलेल्या शिबिराच्या यादीत या स्त्रियांच्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी नोंद होते. आणि दसऱ्याआधी नमुना दिलेल्या स्त्रीचा अहवाल गावी येतो, तेव्हा ती सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या फडात असते.