सही केलेली ईमेल स्पॅममध्ये का जाते?

स्पॅमअसॅसिन हा मुक्त स्रोत फिल्टर २००१ पासून मेल सर्व्हरवर पहारा देतो आहे. आलेल्या ईमेलवर तो शेकडो नियम चालवतो, प्रत्येक नियमाचे अधिक-उणे गुण मांडतो आणि बेरीज ५ झाली की ईमेल स्पॅम ठरवतो.

डिजिटल सहीची ईमेल यात हकनाक सापडते. एस-माइम या ईमेलवर सही करण्याच्या पद्धतीत सही वेगळ्या जोडफाइलीत येते आणि ती बेस-६४ मध्ये लिहिलेली असते: रोमन लहान-मोठी अक्षरे, अंक आणि दोन चिन्हे यांची निरर्थक रांग. सही करणाऱ्याची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे धरून ती साडेपाच हजार चिन्हांची सहज होते. एखादा नियम लहान-मोठा भेद न करता तीन अक्षरी शब्द शोधत असेल, तर एका जागी तो जुळण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये १. एवढ्या लांबीत मात्र ढोबळमानाने सहापैकी एका सहीत तो योगायोगाने सापडेल. त्यातही तो प्रमाणपत्राच्या भागात निघाला, तर त्या माणसाची जवळपास प्रत्येक ईमेल त्या नियमात अडकेल, कारण प्रमाणपत्र दर वेळी तेच असते.

असे नियम बहुधा 'फुल' प्रकारचे असतात. ते जोडफाइलींसह सगळा कच्चा मजकूर चाळतात. तोच नियम 'बॉडी' प्रकारात लिहिला की फक्त वाचण्याजोगा मजकूर तपासला जातो. पीजीपी या सही करण्याच्या दुसऱ्या पद्धतीत सही मात्र कधीकधी मजकुरातच चिकटवलेली असते. तिथे नियमात पूर्ण शब्दाची अट घालावी आणि शब्दही लांब निवडावा.

मग सही दिसली की सरळ उणे गुण का देऊ नयेत? सुरुवातीच्या काळात तसे गुण दिलेही जात. स्पॅमवाल्यांनी खोट्या पीजीपी सह्या चिकटवायला सुरुवात केली. सही नुसती दिसणे आणि ती पडताळणीत खरी ठरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय खरी सहीसुद्धा पाठवणारा कोण आणि सही केलेला भाग वाटेत बदललेला नाही एवढेच सांगते. स्पॅमवालाही स्वतःचे डोमेन घेऊन बिनचूक सही करू शकतो. म्हणून डीकेआयएम सही, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनच्या नावे सर्व्हरने केलेली सही, खरी ठरली तरी स्पॅमअसॅसिन मूळ मांडणीत जेमतेम ०.१ गुण कमी करतो, आणि ते मला योग्यच वाटते. मोठी सवलत द्यायचीच तर ओळखीच्या डोमेनला, आणि तीही पडताळणी झाल्यावरच द्यावी. स्पॅमअसॅसिनची 'वेलकमलिस्ट-ऑथ' (जुने नाव 'व्हाइटलिस्ट-ऑथ') ही सोय त्यासाठीच आहे. नुसता 'फ्रॉम' पत्ता पाहून दिलेली सूट कोणीही लुबाडतो.

फिल्टरने विषयात 'स्पॅम' असा शिक्का घातला, तर त्यापुढची डीकेआयएम पडताळणी बहुधा फसते, कारण विषयाची ओळ सहसा सहीत धरलेली असते. शेरा वेगळ्या हेडरमध्ये, म्हणजे ईमेलच्या माथ्यावरच्या माहितीच्या वेगळ्या ओळीत, लिहावा, मूळ ओळींना हात लावू नये.