फक्त औषधांचं पान पाठवू नका
(कमरेच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडून घरी नर्स, फिजिओ किंवा पलंग घेणाऱ्यांसाठी)

आम्हाला फोन येतो तो बहुतेक वेळा असाच असतो. "बाबांचं कमरेचं ऑपरेशन झालंय, काल घरी आणलं, उद्या सकाळपासून फिजिओ पाठवा, डॉक्टरांनी चालवायला सांगितलंय." आम्ही म्हणतो, पाठवतो, पण आधी डिस्चार्ज कार्ड पाठवा. मग फोटो येतो, आणि तो असतो औषधांच्या पानाचा. कुठली गोळी सकाळी, कुठली रात्री. तुमच्यासाठी तेच पान कामाचं असतं हे मान्य, पण आम्हाला हवं असतं त्याच्या आधीचं, ज्यावर ऑपरेशनमध्ये काय काय केलं ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि जे कोणीच वाचत नाही.

मग होतं काय, आमचा माणूस घरी पोचतो, पेशंटला कुशीवर वळवून नीट बसवतो, आणि पाच-दहा मिनिटांत पेशंट म्हणतो डोकं फुटतंय, मळमळतंय, मला आडवं करा. आडवं केलं की थोड्या वेळात बरं वाटतं. आणि तेव्हा मागे उभं असलेलं कोणीतरी हळूच म्हणतं, "हां, ते ऑपरेशनमध्ये काहीतरी पडदा फाटला होता म्हणे, पण डॉक्टरांनी लगेच शिवला."

हे वाक्य आम्हाला आदल्या दिवशी हवं होतं. कारण आता सगळं थांबवून सर्जनला फोन लावायचा, ते ऑपरेशन थिएटरमध्ये असतात, तासभर वाट बघायची, तोवर पुढचा पेशंट खोळंबतो आणि तुमचाही दिवस वाया जातो. म्हणून हे पत्रक.

तर हा पडदा म्हणजे काय. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती एक चिवट आवरण असतं, त्याला ड्युरा म्हणतात. त्याच्या आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो, सीएसएफ. मोठ्या माणसाच्या शरीरात एका वेळी साधारण १५० मिली आणि दिवसभरात नवीन तयार होतो जवळपास ५०० मिली, म्हणजे हे पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. "सगळं पाणी निघून गेलं तर?" असं घाबरून विचारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, शरीर ते सतत भरत असतं. आणि दुसरी गोष्ट, मज्जारज्जू स्वतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याच्या खाली पिशवीत नुसत्या नसांचा जुडगा तरंगत असतो. गादीची (दोन मणक्यांमधल्या डिस्कची) किंवा नस मोकळी करायची बहुतेक ऑपरेशन्स त्याहून खालच्या मणक्यांत होतात, त्यामुळे तिथे आवरणाला चीर गेली म्हणजे मज्जारज्जू कापला असं होत नाही. "नस कापली का हो?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा येतो की तो इथेच लिहून टाकला. आवरण फाटणं वेगळं आणि नस कापणं वेगळं. चिरेतून एखादी नस बाहेर येऊन दुखावू शकते हे खरं, पण सर्जन ती आत सारूनच टाका घालतो.

आता दुसरा प्रश्न, जो लोक आम्हाला दाराबाहेर नेऊन विचारतात. डॉक्टर चुकले का? आम्ही सर्जन नाही, आणि कोणाची बाजू घ्यायला आम्हाला कोणी पैसे देत नाही, पण जे माहीत आहे ते सांगतो. वर्षानुवर्षं नस दबलेली असली की तिथलं आवरण पातळ होतं आणि वरच्या जाड झालेल्या लिगामेंटला चिकटून बसतं, हाड कुरतडायचं पंचसारखं हत्यार तिथे फिरवताना चीर जाऊ शकते. आधी एकदा ऑपरेशन झालं असेल तर जुन्या व्रणामुळे चिकटलेलं सोडवताना धोका आणखी वाढतो, वय जास्त असेल तरी वाढतो. अमेरिकेत स्पोर्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात स्टेनोसिससाठी, म्हणजे मणक्यातली नसांची जागा अरुंद झाली म्हणून, पहिल्यांदाच ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण ९ टक्के लोकांचा ड्युरा फाटला होता आणि गादीच्या ऑपरेशनमध्ये साधारण ३ टक्के. स्टेनोसिसवाल्या गटात फाटलेल्यांना हॉस्पिटलात जास्त राहावं लागलं, पण चार वर्षांनी बघितलं तर दुखणं आणि हालचाल यात ड्युरा फाटलेल्या आणि न फाटलेल्या लोकांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे हे घडतं, वेळीच दिसलं आणि नीट शिवलं तर बहुतेक लोक त्यातून व्यवस्थित बाहेर पडतात. लपवण्यासारखं यात काही नाही. आणि घरचे लोक डॉक्टरांपेक्षा जास्त लपवतात असा आमचा अनुभव आहे, पेशंट घाबरेल म्हणून त्यालाच सांगत नाहीत, मग आम्हालाही त्याच्यासमोर सांगत नाहीत. फोनवर सांगा ना, मेसेज करा, आम्ही पेशंटसमोर बोलणार नाही.

कार्डावर मात्र 'पडदा फाटला' असं सरळ कधी लिहिलेलं नसतं. 'ड्युरल टेअर', 'इन्सिडेंटल ड्युरोटॉमी', 'ड्युरल रिपेअर', 'सीएसएफ लीक', 'फायब्रिन ग्लू', 'पॅच', 'फॅट ग्राफ्ट' यातला एखादा शब्द असतो. शोधत बसू नका, सगळ्या पानांचे फोटो काढा, मागचीपुढची दोन्ही बाजू, उजेडात, आणि पाठवा. वाचायचं काम आमचं.

हे कळल्यावर आम्ही काय वेगळं करतो ते सांगतो, कारण काहींना वाटतं आम्ही उगाच वेळ काढतो. पहिल्या दिवशी आम्ही चालवतच नाही, जोपर्यंत सर्जनशी किंवा त्यांच्या असिस्टंटशी बोलणं होत नाही तोपर्यंत. कारण यात प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. कोणी एक दिवस सपाट झोपवतं, कोणी दोन-तीन दिवस, आणि टाका चांगला बसला असेल तर आता बरेच जण दुसऱ्याच दिवशी उठवतात, कारण जास्त दिवस पडून राहिल्याचे स्वतःचेच त्रास असतात, पायात रक्ताची गुठळी, छातीत कफ, अंगातली ताकद जाणं. शेजारच्यांच्या ऑपरेशनमध्ये काय केलं होतं ते इथे चालत नाही. तुमच्या सर्जनने टाका स्वतः बघितलाय, ते सांगतील तसं. दुसऱ्यांचा माणूस आल्याआल्या व्यायाम सुरू करतो म्हणून तो बरा असं म्हणणारे लोक भेटतात, त्यांना आम्ही अडवत नाही, पण त्यातले काही आठवड्याभराने परत फोन करतात एवढं सांगतो.

पलंगाचं पण एक. आमचा पलंग डोक्याकडून हँडलने वर होतो, आणि तो वर होतो म्हणून घरचे लोक तो वरच करून ठेवतात, टीव्ही बघायला बरं पडतं. सपाट झोपायला सांगितलं असेल तर सपाट म्हणजे सपाट, दोन उशा घालून नाही. असा पेशंट असेल तर आमचा माणूस पलंग बसवताना हँडल काढून तुमच्या हातात देतो, राग मानू नका.

डोकेदुखीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. पाणी झिरपत असेल तर मेंदूला आतून मिळणारा आधार कमी होतो, त्यामुळे बसलं किंवा उभं राहिलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थोड्याच वेळात कमी होतं. सोबत मळमळ, मान आखडणं, उजेड नकोसा वाटणं, कानात दडे बसल्यासारखं, कधी एकाचे दोन दिसणं. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिल्यावर काहींचं डोकं दुखतं ना, तोच प्रकार, तिथे सुईएवढं भोक असतं एवढंच. घरी याला अ‍ॅसिडिटी म्हणतात, अशक्तपणा म्हणतात, झोप झाली नाही म्हणतात, आणि डोकेदुखीची गोळी देऊन परत बसवतात. गोळी देण्याआधी फक्त एवढं बघा की आडवं केल्यावर कमी होतंय का, आणि किती मिनिटांत. ते लिहून ठेवा, सर्जन पहिला प्रश्न हाच विचारतात. आणखी एक, कार्डावर काहीच लिहिलेलं नसलं तरी हे होऊ शकतं, कारण बारीक चीर कधी कधी ऑपरेशनच्या वेळी दिसतच नाही. म्हणून आमची नर्स रोज तोच तोच प्रश्न विचारते, बसल्यावर डोकं दुखतं का, कंटाळू नका.

ड्रेसिंग ओलं झालं तर ते काढून फेकू नका. रात्री ओलं दिसलं, घरच्यांनी पुसून नवीन चिकटवलं, जुनं कचऱ्यात गेलं, सकाळी आम्ही विचारतो पाणी कसं होतं, लाल, पिवळं, स्वच्छ, तर कोणालाच सांगता येत नाही. स्वच्छ पाण्यासारखं गळणं हे तातडीने सर्जनला कळवायचं काम आहे, सकाळची वाट बघायची नाही. फोटो काढा, ड्रेसिंग पिशवीत ठेवा, हॉस्पिटलच्या नंबरवर फोन करा. टाक्यांखाली मऊ फुगा आला असेल तर तो दाबून बघू नका, आणि सुईने पाणी काढून द्या असं आमच्या नर्सला सांगू नका, ती काढणार नाही. त्यातून जंतू आत जाऊ शकतात आणि आत म्हणजे थेट मेंदूच्या पाण्यात.

ताप आणि मान आखडणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, आडवं झाल्यावरही न थांबणारी डोकेदुखी, लघवी अडकणं, बसायच्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, यातलं काहीही असेल तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, थेट इमर्जन्सीला जा. आम्हाला नंतर कळवलंत तरी चालेल.

जोर लावणं हाही एक शत्रू. कुंथलं, जोरात खोकलं, श्वास रोखून काही उचललं की आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि ताज्या टाक्यावर येतो. सर्जनसुद्धा ऑपरेशनमध्ये टाका घातल्यावर भूलतज्ज्ञाला मुद्दाम छातीतला दाब वाढवायला सांगतात, पाणी गळतंय का बघायला. तेच घरी संडासात रोज करायचं नाही. पेनकिलरच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्याचं औषध डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या. कमोडची खुर्ची आमच्याकडे उंची कमीजास्त होणारी आहे, गुडघ्याच्या मापाने लावून देतो, लावायचे वेगळे पैसे घेत नाही. कुशीवर वळून खांदा आणि कंबर एकत्र फिरवत उठायचं कसं, ते आमचा माणूस पेशंटबरोबर घरातल्या दोघांना तरी शिकवतो, म्हणून पहिल्या भेटीला रात्री जो पेशंटजवळ झोपणार आहे तो माणूस घरी असू द्या. बहुतेक वेळा भेटतो तो दिवसा मोकळा असलेला, आणि रात्री उठवतो दुसराच.

नाव नोंदवताना तीन गोष्टी पाठवा: कार्डाची सगळी पानं, ऑपरेशनची तारीख, आणि सर्जनच्या असिस्टंटचा नंबर. ड्युरा शिवला आहे असं लिहिलेलं असेल तर पहिल्या भेटीला फिजिओबरोबर नर्सही येते, ड्रेसिंग बघायला, आणि ती भेट जास्त वेळ चालते, तेवढा वेळ धरून ठेवा. पानं न पाठवता बोलावलं आणि आम्हाला दारातून परत फिरावं लागलं तर ती भेट मोजली जाते. फाइल सापडत नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात डिस्चार्ज समरीची दुसरी प्रत मागा, पेशंटचं ओळखपत्र बरोबर न्या.