बायबलमधील शब्दांचा अर्थ कसा लावावा : गोव्यातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

गोव्यात मराठीतून बायबल वाचणाऱ्याच्या हाती दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द पडतात. पोर्तुगीज अमदानीत आलेली कॅथलिक परंपरा लॅटिन पाठावर उभी होती, कारण 1546 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने व्हल्गेट हा लॅटिन अनुवादच प्रमाण ठरवला होता. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेचा आरंभ 1811 च्या सुमारास बंगालमधील श्रीरामपूरला छापलेल्या नव्या करारापासून होतो, आणि तिचा ओढा मूळ ग्रीककडे होता. त्यामुळे एखाद्या शब्दाबद्दल मतभेद झाला की तो अर्थाचा आहे की आधारपाठाचा, हे आधी तपासावे लागते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण लूक 1:28 मध्ये आहे. देवदूत मरियेला ज्या शब्दाने संबोधतो तो ग्रीकमध्ये ‘केखारितोमेने’ असा एकच शब्द आहे. व्हल्गेटने त्याचे ‘ग्रासिया प्लेना’, म्हणजे कृपेने पूर्ण, असे दोन शब्द केले, आणि तेच गोव्याच्या घराघरांत रोज संध्याकाळी तेर्साच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, वेळी ‘नमान मोरिये, कुर्पेन भरलेले’ या रूपात म्हटले जातात. मराठी प्रॉटेस्टंट अनुवादात मात्र मरिया ‘कृपा पावलेली’ आहे. युरोपात हा वाद सोळाव्या शतकातच पेटला होता. 1530 मध्ये एका जर्मन धर्मसुधारकाने ‘कृपेने भरलेली’ हा प्रयोग आपल्या भाषेत शोभत नाही, असे जाहीरपणे लिहिले होते.

दोन्ही पक्ष व्याकरणाचा आधार घेतात. हे रूप ‘कृपा करणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे कर्मणि, पूर्णकालवाचक धातुसाधित आहे, म्हणजे कृपा झालेली आहे आणि तिचा परिणाम टिकून आहे. ती केव्हापासून झाली, हे मात्र क्रियापदाचा काळ सांगत नाही. 1854 मध्ये घोषित झालेल्या निष्कलंक गर्भधारणेच्या, म्हणजे मरिया स्वतः आईच्या उदरात आल्यापासूनच मूळ पापापासून मुक्त होती या कॅथलिक सिद्धांताचा सगळा भार या एका प्रत्ययावर टाकणे मला रास्त वाटत नाही. उलट ‘पावलेली’ म्हणजे केवळ क्षणभर कृपादृष्टी झालेली, असे म्हणणेही मजकुराला धरून नाही. पुढे दोनच ओळींनंतर, 1:30 मध्ये, ‘देवाची कृपा तुला लाभली आहे’ असे देवदूत स्वतःच म्हणतो. ही जुन्या करारातली, ‘एखाद्याच्या दृष्टीत कृपा पावणे’ ही हिब्रू बोलण्याची ढब आहे. संबोधनाचा अर्थ आधी तिथेच शोधायला हवा.

लॅटिनमुळे आणखी एक गुंता झाला आहे. योहान 1:14 मध्ये ‘कृपेने परिपूर्ण’ असे ख्रिस्ताविषयी म्हटले आहे, आणि तिथे ग्रीकमध्ये ‘पूर्ण’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द खरोखरच आहे. लॅटिनमध्ये दोन्ही ठिकाणी जवळपास एकच रचना आल्याने लॅटिनवरून अभ्यास करणाऱ्याला दोन्ही स्थळे सारखी वाटतात.

शब्दाच्या मुळावरून अर्थ काढण्याची सवयही अशीच फसवी आहे. ‘उपवास’ची व्युत्पत्ती ‘जवळ राहणे’ अशी सांगतात, म्हणून संकष्टीला उपवास करणारी बाई कोणाजवळ राहायला गेली, असे कोणी समजत नाही. 1961 मध्ये एका स्कॉटिश अभ्यासकाच्या इंग्रजी ग्रंथाने बायबल-अभ्यासातल्या या सवयीवर कठोर टीका केली, आणि तेव्हापासून शब्दाचा अर्थ वाक्यात व प्रत्यक्ष वापरात शोधावा, ही भूमिका विद्यापीठांत रुजली. त्याआधी इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांनी, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरील जुन्या लेखांनी, नव्या कराराची ग्रीक भाषा ही बाजारातली, पत्रव्यवहारातली भाषा असल्याचे दाखवले होते. कॅथलिक बाजूनेही पोपच्या 1943 च्या परिपत्रकाने मूळ भाषांकडे वळण्याचा आग्रह धरला.

आपल्याकडे वापराचे महत्त्व समजायला 1616 मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलेले क्रिस्तपुराण हे ख्रिस्ताविषयीचे ओवीबद्ध मराठी काव्य पुरेसे आहे. त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ येते, आणि वारकरी अभंगातल्या वैकुंठाचा अर्थ तिथे लावला तर ओवीचा आशयच निसटतो. तो त्या ओव्यांच्या संदर्भातूनच ठरवावा लागतो.

आता बायबलमधील मूळ शब्दांना 1890 च्या एका इंग्रजी शब्दसूचीत दिलेले क्रमांक मोबाइलवर दिसतात. शब्दावर बोट टेकवले की अर्थांची यादी उघडते, आणि वाचक आपल्याला आवडेल तो अर्थ उचलतो. ती यादी अर्थ ठरवत नाही, इतर स्थळे फक्त दाखवते. ‘केखारितोमेने’च्या क्रियापदाचे नव्या करारात दुसरे स्थळ एकच आहे, इफिस 1:6, आणि तिथे ती कृपा सर्व विश्वासणाऱ्यांवर झालेली आहे. हेच रूप पुल्लिंगात सिराक या जुन्या करारकालीन ग्रंथाच्या 18:17 च्या ग्रीक पाठात कृपाळू माणसासाठी आले आहे. पण सिराक कॅथलिक बायबलमध्ये असते, प्रॉटेस्टंट मराठी आवृत्त्यांत सहसा नसते, म्हणून तेवढ्यापुरते तरी दुसऱ्याच्या घरातले बायबल मागून आणावे लागते.