जखम उघडी ठेवायची की झाकायची? वादाची पार्श्वभूमी

जंतूंचा शोध लागल्यावर कोरडी जखम म्हणजे सुरक्षित जखम हे समीकरण दवाखान्यांत पक्कं बसलं. त्याला पहिला ठोस धक्का १९६२ साली ब्रिटनमध्ये बसला. डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा चढवला. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने पसरली. पुढच्याच वर्षी माणसांवरही तसंच दिसलं.

गोम खपलीत आहे. त्वचेच्या पेशी ओलाव्यातूनच सरकतात. उघड्या जखमेतली लस, म्हणजे तिच्यातून पाझरणारा द्रव, वाळून खपली धरते आणि तिच्याखालचा जिवंत थरही थोडा सुकून मरतो. मग कडेच्या पेशींना ओल असेल तिथवर खाली उतरावं लागतं, एन्झाइम्सनी तंतू विरघळवत वाट काढावी लागते. वेळ जातो तो यातच.

तरीही विरोध बराच काळ टिकला: झाकलं की पू होणार! ओल्या जागी जंतू वाढतात हे खरंच. पण जंतू असणं वेगळं, संसर्ग होणं वेगळं. त्याच लशीत पांढऱ्या पेशी काम करत असतात. १९७५ साली गिनीपिगांमधल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटवल्यावर जखमेची साफसफाई तर रखडलीच, कोलॅजनचे नवे तंतू विणणंही मागे पडलं. पुढच्या पाहण्यांत झाकलेल्या जखमांत संसर्ग जास्त आढळला नाही.

खरं नुकसान जंतुनाशकांच्या अतिवापराने केलं. १९८५ च्या प्रयोगात १ टक्का पोव्हिडोन आयोडीन आणि ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या फायब्रोब्लास्ट पेशी, म्हणजे कोलॅजन विणणाऱ्याच पेशी, मारल्या. साध्या स्वच्छ जखमेला ०.९ टक्के सलाइनची धार पुरते. रोज फेस आणून धुण्याची सवय अजून सुटत नाही, हे वाईट आहे.

१९७० च्या दशकात जखमेवर चिकटवायची पारदर्शक फिल्म आली, नंतर लस शोषून जेलसारखी होणारी हायड्रोकोलॉइड पट्टी. त्यांच्याबरोबर नवी अडचणही आली. लस जास्त असताना फिल्म लावली तर कडेची कातडी भिजून पांढरी पडते आणि जखम रुंदावते. तिथे जास्त लस शोषणारी पट्टी, म्हणजे फोम किंवा समुद्री शेवाळापासून बनवलेलं अल्जिनेट हवं. आणि पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्या रुग्णाच्या टाचेवरची घट्ट, कोरडी काळी खपली, भोवती लाली किंवा पू नसेल तर, भिजवायची नाही. ती कोरडीच ठेवतात, कारण खालच्या उघड्या मांसाला भरून यायला रक्तच पोचत नाही.