सोलापूरचा उन्हाळा आणि टर्पेंटाइनची बाटली

तैलरंग पातळ करायला चित्रकार वापरतात त्या टर्पेंटाइनच्या बाटलीवर ‘थंड व हवेशीर जागी ठेवा’ अशी सूचना छापलेली असते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात ती पाळायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र बाटली सांगत नाही. प्रत्येक ज्वालाग्राही द्रवाचे एक ठरावीक तापमान असते. त्याच्या खाली द्रवाच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ जमत नाही आणि त्याच्या वर ती जमते. या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात, आणि टर्पेंटाइनचा फ्लॅश पॉइंट साधारण ३५ अंश सेल्सिअस आहे. थंड हवेच्या गावातील चित्रकाराच्या खोलीत हा द्रव जवळजवळ वर्षभर या मर्यादेच्या खाली राहतो. सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर गेलेला असताना, त्यातही पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत, तो सबंध दुपार मर्यादेच्या वर असतो. बाटली आपोआप पेटेल असा याचा अर्थ नव्हे. परंतु उघड्या वाटीवर तरंगणाऱ्या वाफेला स्विचमधील ठिणगी किंवा विडीसाठी ओढलेली काडी पुरेशी ठरू शकते.

थिनरच्या बाबतीत तर ऋतूचा प्रश्नच येत नाही. त्यात सर्रास आढळणाऱ्या टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट अवघा ४ अंश आहे. उन्हाने फरक पडतो तो वाफेच्या प्रमाणात: २० अंशांच्या तुलनेत ४० अंशांना टोल्यूइनचा बाष्पदाब (वाफ होऊन उडण्याचा जोर) अडीच पटींहून अधिक असतो. गणपतीच्या मूर्तींचे काम उन्हाळ्यातच सुरू होत असल्यामुळे फवाऱ्याने रंग मारणाऱ्याच्या छातीत हिवाळ्यापेक्षा कितीतरी अधिक वाफ जाऊ शकते. डोके जड होणे, गुंगी येणे ही तिची पहिली लक्षणे आहेत आणि ती सहसा उन्हाच्या नावावर खपवली जातात. वासावर विसंबून राहणेही योग्य नाही, कारण नाक काही मिनिटांतच त्या वासाला सरावते.

यावरचा उपाय बहुतेक घरांत आधीपासूनच असतो, तो म्हणजे कूलर. फक्त तो उलट पद्धतीने वापरला जातो. बाहेरच्या झळा नकोत म्हणून दारे-खिडक्या लावून कूलर खोलीच्या आत ठेवला, तर तीच वाफ खोलीत फिरत राहते आणि वर दमटपणा वाढतो. कूलर खिडकीत बसवून बाहेरची हवा आत ओढली आणि समोरचे दार उघडे ठेवले, तर आत आलेली हवा वाफेला बाहेर ढकलते. टोल्यूइनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्यामुळे हवा बाहेर पडण्याची वाट जमिनीलगत असणे अधिक उपयोगाचे. केवळ वरची जाळी पुरेशी नाही. छताचा पंखा वाफ काढून टाकत नाही, ती फक्त ढवळतो.

नाकाला बांधलेल्या ओल्या रुमालावर आपल्याकडे फार विश्वास आहे, आणि माझ्या मते तो अजिबात सार्थ नाही. एन-९५ मास्क बारीक धूळ अडवतो. वाफ म्हणजे सुटे रेणू, ते त्यातून सहज आरपार जातात. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि फवारणीत थेंब व वाफ दोन्ही असल्यामुळे कोळशासोबत कणांची गाळणीही लागते. ओला रुमाल या दोहोंपैकी कोणतेही काम धडपणे करत नाही.

तैलचित्रकारांना मात्र सर्वांत मोठा धोका ज्यापासून आहे, त्याला उग्र वासही नसतो. जवस आपल्याला चटणीमुळे ओळखीचे आहे. त्याचेच तेल तैलरंगांत असते. हे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही, तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. कॅनव्हासवरच्या पातळ थरातून ती लगेच निसटते. परंतु तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर आतली उष्णता अडकते, तापमान चढते, तापमानामुळे क्रियेचा वेग वाढतो, आणि काही तासांनी ठिणगीवाचूनच बोळा पेटू शकतो. खोलीच मुळात चाळीस अंशांची असेल, तर ही चढण तेवढी सोपी होते. त्यात मागांच्या या शहरात हात आणि ब्रश पुसायला सुती कॉटन वेस्ट हाताशी असतो, आणि या क्रियेला तसलाच मोकळा, हवा खेळती ठेवणारा धागा मानवतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका ३८ मजली इमारतीला लागलेल्या आगीत अग्निशमन दलाच्या तीन जवानांचा मृत्यू झाला. भिंतींच्या लाकडी आच्छादनाला जवसाचे तेल लावून झाल्यावर कामगारांनी ठेवून दिलेल्या चिंध्या हे त्या आगीचे कारण होते. अशा चिंध्या एकेक सुटी करून मोकळ्या हवेत दोरीवर कडक होईपर्यंत वाळवाव्यात, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्याखाली बुडवून ठेवाव्यात.

प्लास्टर ऑफ पॅरिसही घट्ट होताना तापते. जाड गोळ्यात हे तापमान ६० अंशांच्या आसपास जाऊ शकते. २००७ साली इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील एका शाळेत, कलेच्या तासाला, १६ वर्षांच्या मुलीने हाताचा साचा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत बुडवले. ते घट्ट झाल्यावर हात निघेनात. पुढे तिची बहुतेक बोटे काढून टाकावी लागली. अवयवांचे साचे घेण्यासाठी अल्जिनेट नावाची पूड मिळते, तीच वापरावी. शाडूच्या कोरड्या धुळीत सिलिकाचे कण असू शकतात, आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण फुप्फुसात कायमचे रुतून बसतात. म्हणून मूर्तिशाळेची जमीन केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी.

चादरी-टॉवेलांच्या उद्योगामुळे सोलापुरात कापडाचे रंग आणि रंगाईची रसायने परकी नाहीत, आणि बाटिक किंवा बांधणी शिकणारे विद्यार्थी ती घरी आणतात. रंगांमुळे होणारा आजार नवा नाही: १८९५ साली जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांमधील मूत्राशयाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले होते. पूड कालवताना मास्क आणि हातमोजे लागतातच, आणि रंगाचे पातेले पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. रंगाईत लागणाऱ्या हायड्रोसच्या (सोडियम हायड्रोसल्फाइटच्या) डब्याबद्दल विशेष दक्षता हवी. त्यात थोडे पाणी शिरले तर तो तापून पेटू शकतो आणि गुदमरवणारा सल्फर डायऑक्साइड सोडतो. म्हणून ओला चमचा आत घालू नये, आणि पाण्यात हायड्रोस टाकावा, हायड्रोसवर पाणी ओतू नये.

घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू आहे; पारंपरिक शेंदूर मात्र शिशाचे ऑक्साइडच असतो, आणि चित्रकारांच्या काही पांढऱ्या रंगांतही शिसे असते. हे शिसे पोटात जाण्याचा आपल्याकडचा राजमार्ग म्हणजे तंबाखू. रंगाने भरलेल्या तळव्यावर चुना लावून ती मळली, की रंगद्रव्य थेट गालात जाते. त्याआधी हात धुवावेत, पण थिनरने नव्हे, कारण थिनर त्वचेवरील स्निग्ध थर काढून टाकतो आणि स्वतःही त्वचेतून आत शिरतो. खाण्याचे तेल चोळून रंग सैल करावा आणि मग साबण लावावा.