शे इंजिनाचं मॉडेल: चालवण्याआधी हे वाचा

बॉयलर डावीकडे सरकलाय, सगळी यंत्रं उजव्याच अंगाला, आणि गाडी पळत तर अजिबात नाही! शे या वाफेच्या रेल्वे इंजिनाचं मॉडेल आमच्या दुकानातून घरी नेलेल्यांचे असे फोन आम्हाला येतात. मॉडेल बिघडलेलं नाही. मूळ इंजिनच तसं होतं.

हे तैवानच्या अलीशान जंगल रेल्वेवरचं २८ टनी इंजिन. तिथलं च्यायी स्टेशन समुद्रसपाटीपासून जेमतेम ३० मीटरवर, तर अलीशान २,२१६ मीटरवर. मध्ये सुमारे ७१ किलोमीटरचा मार्ग, चढ ६.२५ टक्क्यांपर्यंत, वळणांची त्रिज्या काही ठिकाणी अवघी ४० मीटर. जपानी राजवटीत जंगलातलं लाकूड उतरवायला ही लाइन टाकली आणि इंजिनं मागवली ती अमेरिकेतल्या लायमा कारखान्याची.

साध्या वाफेच्या इंजिनात दांडे थेट मोठी चाकं फिरवतात आणि ती चाकं एकाच ताठ चौकटीत बसवलेली असतात. अरुंद वळणावर ती अडतात, चढावर जागीच गरगरतात. मिशिगनमधल्या एफ्रैम शे या लाकूड व्यावसायिकाने १८८१ मध्ये वेगळ्या रचनेचं पेटंट घेतलं. या मॉडेलच्या इंजिनात उजवीकडे तीन उभे सिलिंडर, खाली त्यांनी फिरणारा क्रँकशाफ्ट, तिथून पुढेमागे गेलेले शाफ्ट आणि चाकांच्या बाहेरच्या अंगाला बेव्हल गिअर, म्हणजे काटकोनात जोर वळवणारी तिरक्या दात्यांची चक्रं. एवढं वजन एका बाजूला आलं, म्हणून तोल सांभाळायला बॉयलर डावीकडे.

मॉडेल हातात धरून पुढची बोगी, म्हणजे इंजिनाखालची चार चाकांची वळणारी चौकट, हळूच वळवा. चौकोनी शाफ्ट चौकोनी नळीत सरकताना दिसेल: उजव्या वळणावर आत शिरतो, डाव्या वळणावर बाहेर येतो. खरी करामत इथेच आहे. बोग्या हव्या तशा वळतात, तरी आठही चाकांना जोर मिळत राहतो. कोळसा-पाण्यासकट इंजिनाचं सगळं वजन रूळ पकडायला कामी येतं.

वेग मात्र गेला. धडधड ऐकून वाटावं मेल सुटली. बघावं तर सायकलवाला पुढे निघून जाईल.

माथेरानच्या जुन्या इंजिनांना गिअर होते का, हेही विचारतात. नव्हते. १९०७ च्या त्या लाइनवर ओरेनस्टाइन अँड कॉपेलची जर्मन इंजिनं होती आणि वळणासाठी त्यांचे टोकाचे अ‍ॅक्सलच थोडे हलायचे. चढ मात्र तिथेही विसात एक.

मॉडेल शाफ्टला धरून उचलू नका. गिअरवरचं ग्रीस मळ समजून पुसू नका. करकर आवाज यायला लागला तर दुकानात आणा, ग्रीस आम्ही लावून देऊ.