वाढत्या अंगाचा मोजा

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना घरोघरी शिंप्याला एकच सूचना असते, ‘जरा वाढत्या अंगाचं शिवा.’ मग तो खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवतो आणि पुढे ते उसवून घेता येतं. चौदा महिन्यांच्या मुलीसाठी कृत्रिम पाय करायचा असतो तेव्हाही अडचण हीच असते, पण दुमडायला कापड नसतं. मुलीचा पाय ज्या कडक प्लॅस्टिकच्या भांड्यात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. ते सैल असलं तर पाय आत वरखाली होत राहतो, घट्ट असलं तर कातडीवर वळ उठतात. प्लॅस्टिक उसवता येत नाही. घरच्या घरी कमीजास्त करता येतो तो फक्त पाय आणि सॉकेट यांच्यामध्ये घालायचा मोजा.

दवाखान्यात पायाच्या त्या टोकाला सरसकट स्टंप म्हणतात. जन्मतःच पाय तसा असलेल्या मुलीच्या घरात मात्र तो ‘छोटा पाय’ असतो. काही कापून उरलेलं नाही, तेव्हा घरचाच शब्द जास्त बरोबर. इथेही तोच वापरू. काही बाळांच्या पोटरीतलं फिब्युला नावाचं बारीक हाड जन्मतः नसतं किंवा अर्धवट असतं. काहींचा हात किंवा पाय गर्भाशयात पातळ पडद्याच्या सुटलेल्या धाग्यात अडकतो आणि त्यापुढचा भाग वाढत नाही. बऱ्याचदा नेमकं कारण सापडतच नाही. आईने ग्रहणात भाजी चिरली होती का, हा प्रश्न विचारणारे नातेवाईक मात्र हमखास सापडतात. ग्रहणाचा इथे काडीचा संबंध नाही.

बाळ धरून उभं राहू लागलं, म्हणजे साधारण नऊ ते बारा महिन्यांचं झालं, की पहिला कृत्रिम पाय बसवतात. आणि नेमक्या याच वयात अंग सर्वांत भराभर वाढतं. पहिल्या वर्षात उंची साधारण २५ सेंटीमीटरने वाढते, दुसऱ्या वर्षात साधारण १२ने. म्हणून प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव बनवणारा तज्ज्ञ, सुरुवातीलाच जाड मोज्याची जागा धरून सॉकेट करतो. छोटा पाय भरत गेला की जाड मोजा काढून पातळ घालायचा. काही जण सॉकेटच्या आतच एक काढता येणारा थर बसवतात, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. एवढं करूनही पाचव्या वर्षापर्यंत साधारण दरवर्षी नवं सॉकेट लागतंच.

मोठ्या माणसाचं गणित वेगळं असतं. त्याचा स्टंप सकाळी भरलेला असतो आणि दिवसभराच्या दाबाने थोडा आक्रसतो, म्हणून तो दुपारी एखादा मोजा वाढवतो. बाळाच्या बाबतीत ओढ उलट दिशेला, मोजे कमी करत जाण्याकडे. पण तीही सरळ रेषेत नाही. गुबगुबीत बाळ चालायला लागलं की पायाची चरबी उतरते, आणि पाय लांबीला वाढत असतानाही घेराने काही काळ बारीक होऊ शकतो. तेव्हा मोजा पुन्हा वाढवावा लागतो.

मोज्याची जाडी ‘प्लाय’मध्ये मोजतात. मुळात प्लाय म्हणजे सुताचे पदर, त्यामुळे पाच प्लाय म्हणजे एका प्लायच्या पाचपट जाड असं कुणालाही वाटेल. तसं नसतं. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जोन सँडर्स यांच्या गटाने असे मोजे दाबाखाली मोजून पाहिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून दिसलं, की आकडा आणि जाडी एका प्रमाणात वाढत नाहीत. तेव्हा एका कंपनीचा तीन प्लाय संपला म्हणून दुसरीचा तीन प्लाय डोळे मिटून घालू नये.

आता एक छोटा हिशोब करून बघा. मोठ्या माणसाच्या पायाचा घेर ३२ सेंटीमीटर धरा, बाळाचा १६. दोघांना एक मिलिमीटर जाडीचा तोच मोजा चढवला. मोठ्या पायाचा आडवा छेद साधारण ४ टक्क्यांनी वाढतो, बाळाचा ८ टक्क्यांनी. मोजा तोच, परिणाम दुप्पट. मोठा माणूस ज्या फरकाकडे दुर्लक्ष करील, त्या फरकाने बाळाचा छोटा पाय सॉकेटच्या तळापर्यंत पोहोचतच नाही. वरच्या बाजूला आवळतं, खाली पोकळी राहते, टोकाशी रक्त आणि पाणी साचून कातडी लालजांभळी होते. उलट मोजा फार पातळ पडला तर पाय तळाशी जाऊन टेकतो आणि सगळा भार टोकावर येतो. बाळ यातलं काहीच सांगू शकत नाही. ते नुसतं रडतं, नाहीतर कृत्रिम पाय काढून फेकतं.

म्हणून छोटा पाय आत कुठे बसलाय हे बघण्याची एक युक्ती प्रोस्थेटिस्ट वापरतात. मुलांच्या खेळातल्या रंगीत क्लेची सुपारीएवढी गोळी सॉकेटच्या तळाशी टाकायची, पाय चढवायचा, मुलीला क्षणभर उभं करायचं आणि गोळी बाहेर काढून बघायची. गोळी तशीच गोल असेल तर पाय वर अडकलाय. पापडासारखी चपटी झाली असेल तर तो फार खाली उतरलाय. घरी याहून सोपी खूण म्हणजे कातडी. कृत्रिम पाय काढल्यावर दिसणारी लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक; तशीच राहिली तर मोजा बदलायचा, आणि तरीही राहिली तर सॉकेट दाखवायचं.

हे सगळं कळलं तरी एवढासा मोजा आणायचा कुठून? असे मोजे तीन मापांनी मागवतात: टोकाची रुंदी, वरची रुंदी आणि लांबी. तयार मिळणारी मापं बहुतेक मोठ्यांच्या बेताची. मोजे गोल विणणाऱ्या यंत्राचा घेर ठरलेला असतो; बाळाच्या मापाला लहान घेराचं वेगळं यंत्र लागतं आणि गिऱ्हाईक मूठभर. मग आईबाप डोकं लढवतात. मोठा मोजा कापून शिवला तर शिवणीचा कंगोरा कातडीत रुततो. बाळाचा नेहमीचा मोजा घातला तर त्याची टाच रिकामी राहून चुणी पडते, आणि सॉकेटच्या दाबाखाली एक चुणीसुद्धा काही तासांत फोड आणू शकते. त्यातल्या त्यात बरा तो टाच नसलेला, नळीसारखा सरळ मोजा. चढवताना शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची आणि टोकाशी हवा राहू न देता ओढून घ्यायचा.

मग आजी पुढे येते. जिने टोपडी आणि स्वेटर विणले तिला चार सुयांवर बिनशिवणीची नळी विणणं म्हणजे हातचा मळ. कल्पना झकास आहे, पण अडचण सुतात आहे. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ॲक्रिलिक घाम जवळजवळ शोषतच नाही. सुती मोजा शोषतो, पण ओला झाला की कातडीला चिकटून घासतो. मुंबई-कोकणच्या हवेत सॉकेटमधला पाय तासाभरात निथळू शकतो, त्यामुळे हा फरक पुस्तकी नाही. शिवाय हातविणीचे टाके जाड असले तर कोवळ्या कातडीवर त्यांची नक्षी उमटते. बारीक, खरी मऊ लोकर मिळाली आणि प्रोस्थेटिस्टने जाडी तपासून दिली, तरच आजीच्या सुया कामाला लावाव्यात. लोकरीचे मोजे कोमट पाण्यात धुवायचे, पिळायचे नाहीत. गरम पाण्यात चोळले की लोकरीच्या तंतूंवरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून नमद्यासारखा घट्ट होतो. मग त्याच्या प्लायला काही अर्थ राहत नाही.

सर्वांत कमी त्रासाची वाट म्हणजे पायाचं माप घेतात त्याच दिवशी मोज्यांचा विषय काढणं. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था १९५५ पासून आहे. अशा केंद्रात किंवा खासगी प्रोस्थेटिस्टकडे वेगवेगळ्या जाडीचे लहान मोजे माप देऊन मागवता येतील का, हे तेव्हाच विचारावं. दोन मोज्यांत भागत नाही. घाम असतो, सांडलेलं दूध असतं, आणि कृत्रिम पाय मांडीपर्यंतचा असेल तर डायपरही गळतो. अर्धा डझन तरी हवेत.

आणि कधी कोणता घातला हे लिहून ठेवावं. वेगळी वही नको, भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. दुधाच्या खाड्यांशेजारी बारीक अक्षरात त्या दिवशीचे प्लाय, ‘५’ किंवा ‘३+१’ (तीनवर एक). आकडा उतरत उतरत एकावर आला आणि तोही घट्ट होऊ लागला, की त्याच चौकोनात प्रोस्थेटिस्टचा फोन नंबर लिहायचा.